बदलते कायदे आणि आपले दप्तर

(वसई तालुक्यातील सांडोर येथे परिसरातील दुकानदार, लघुउद्योजक व बागायतदार यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



दिवेलागणीची वेळ ही दुकानदाराच्या दृष्टीने दिवसातील सर्वांत मोलाची वेळ. ती सोडून सांडोर, गास, पापडी, होळी या परिसरातून आपण येथे आलात. सभागृहात किराणा व्यापारी आहेत, वालीव-सातिवलीकडे गाळा घेऊन छोटा कारखाना चालवणारे तरुण आहेत, बागायतदार आहेत आणि घरची सुकेळी, मसाले, केक मोबाईलवर मागणी घेऊन विकणाऱ्या भगिनीही आहेत. या सर्वांना एकाच बाकावर बसवणारा विषय कायद्याचा असेल, असे दहा वर्षांपूर्वी कोणास वाटले नसते.

प्रथम दोन तारखा ध्यानात घेऊ. २० जुलै २०२० या दिवशी ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा अमलात आला आणि १९८६ चा कायदा इतिहासजमा झाला. तो काळ कोरोनाच्या निर्बंधांचा होता. दुकान उघडायचे की नाही याच विवंचनेत आपण होतो, त्यामुळे या बदलाकडे पुरेसे लक्ष गेले नाही. दुसरी तारीख २१ नोव्हेंबर २०२५. त्या दिवशी वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या चार कामगार संहिता लागू झाल्या व २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. संक्रमणकाळात जुने नियम चालू राहतील, असे सरकारने तेव्हाच स्पष्ट केले. तेव्हा राज्याच्या नियमांतील नमुने, नोंदवह्या, अर्ज यांचा तपशील आपापल्या सल्लागाराकडून तपासून घ्यावा. मी आज त्या खोलात जाणार नाही.

या संहितांविषयी कामगार क्षेत्रात एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. कै. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय मजदूर संघाने वेतन आणि सामाजिक सुरक्षा या दोन संहितांचे स्वागत केले. उरलेल्या दोहोंतील काही तरतुदींवर मात्र उघड आक्षेप घेतले. अन्य अनेक केंद्रीय कामगार संघटनांचा तर चारही संहितांना विरोध आहे. तीनशेहून कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपात किंवा टाळे लावण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी नको, ही तरतूद वादाच्या केंद्रस्थानी आहे. माझ्या मते तो वाद महत्त्वाचा आहे, पण या सभागृहातील कोणाच्याही पटावर तीनशे माणसे नाहीत. ज्या कलमांचा आपल्याशी संबंध आहे, ती वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आलीच नाहीत.

त्यांपैकी एक कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वेतन संहितेचे कलम ५९. 'मला वेतन मिळाले नाही' अथवा 'कमी मिळाले' असा दावा कामगाराने केला, तर ते दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. असा दावा करण्यास तीन वर्षांची मुदत आहे. दावा खरा ठरला, तर मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. आता विचार करा. एका मालकाने दर महिन्याला पै न् पै हातावर मोजून दिली, सणावाराला उचल दिली, मुलीच्या लग्नाला मदत केली. पण सही कधी घेतली नाही. दुसऱ्याने खरोखरच पगार बुडवला. दावा उभा राहिला, की दोघांचे हात सारखेच रिकामे.

कागदाचा हा आग्रह परक्यांकडून आलेले खूळ आहे, असे कोणी समजू नये. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात धनी आणि कामकरी यांच्यातील कराराचे प्रकरण आहे. कामाचा हा संबंध शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असावा, असे तेथे सांगितले आहे. वेतन आधी ठरले नसेल तर शेतावरच्या गड्याला पिकाचा, गुराख्याला तुपाचा आणि व्यापाऱ्याच्या नोकराला त्याने उलाढाल केलेल्या मालाचा दहावा भाग मिळावा, अशी व्यवस्था आहे. वेतन न देणाऱ्याला दंडही आहे. म्हणजे शेजारी हेच त्या काळचे नियुक्तिपत्र होते. आजच्या वसई-विरारमध्ये शेजारीच अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहतो. तुमच्या गाळ्यात कोण, कधीपासून, किती पगारावर काम करतो, याची साक्ष तो कोठून देणार? त्याचे काम आता कागदाने करायचे आहे. नव्या संहितांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले, त्यामागचे मर्म हे आहे.

येथे नेहमी एक आक्षेप येतो. "तो आमच्या घरच्यासारखा आहे, त्याला कसले पत्र द्यायचे?" ही भावना मी हसण्यावारी नेणार नाही. उद्योग हे एक कुटुंब आहे, ही धारणा आपल्या कामगार चिंतनाचा गाभाच आहे. पण सख्खे भाऊसुद्धा वाडी वाटून घेतात तेव्हा वाटणीपत्र करतात, आणि ज्या घरात ते करत नाहीत त्या घराचे पुढे काय होते, हे वसईच्या बागायतीत मला सांगावे लागू नये.

नोंद नसण्याची किंमत आपण एकदा सामूहिकरीत्या मोजली आहे. मे २०२० मध्ये श्रमिक विशेष गाड्यांसाठी वसईच्या सनसिटी मैदानावर उसळलेली गर्दी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याआधी २९ मार्चला केंद्राने टाळेबंदीच्या काळातील वेतन कपात न करता द्यावे, असा आदेश काढला होता. उद्योजक सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ जून २०२० रोजी न्यायालयाने सांगितले, की मालक आणि कामगार यांनी परस्परांत वाटाघाटी करून मार्ग काढावा. उत्तम. पण वाटाघाटी करायच्या कोणाशी? गावी निघून गेलेल्या माणसाचे पूर्ण नाव, जिल्हा, बँक खाते हाताशी असेल, तर ना! 'पप्पू, वेल्डर' एवढीच नोंद असलेल्या वहीला न्यायालयाचा आदेश पाळणेही शक्य नसते.

आता संख्येचा प्रश्न. 'दहाच्या आत माणसे ठेवली की कायदा लागत नाही' हा आपल्याकडचा लाडका समज. तो अंशतः खरा होता, म्हणूनच अधिक धोकादायक आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याचा मुख्य भाग दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती संख्या वीसवर आणि दिवसाच्या कामाची मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेण्यास मान्यता दिली. ही बातमी वाचून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु वेतन संहितेला असा उंबरठाच नाही. पूर्वी किमान वेतन ठराविक अनुसूचित उद्योगांपुरते होते. आता ते सर्व रोजगारांना लागू आहे. एकच नोकर असलेला दुकानदारही त्यात आला. दहा माणसे झाली की राज्य कामगार विमा आणि उपदान, म्हणजे आपण ज्याला ग्रॅच्युइटी म्हणतो, ती लागू होते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीही दहालाच नेमावी लागते. ती नसेल तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. वीस झाल्यावर भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस. एका कायद्याचा उंबरठा उंचावला म्हणून सगळी दारे बंद झाली, असे मानून चालणार नाही. आणि एकोणिसाव्या माणसावर थांबण्यासाठी धंदाच वाढू न देणारे काही जण मला भेटतात, त्यांच्याविषयी तर काय बोलावे! दंड वाचवण्यासाठी ते उत्पन्न सोडून देतात.

ज्यांच्याकडे पगारपत्रक आहे, त्यांनी वेतनाची नवी व्याख्या समजून घ्यावी. मूळ पगार लहान ठेवायचा आणि घरभाडे, प्रवास, अन्य भत्ते मोठे दाखवायचे, ही आपल्या लेखापालांची जुनी युक्ती. आता असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. समजा, तुमच्या सुपरवायझरला महिना चाळीस हजार रुपये मिळतात. मूळ पगार सोळा हजार, भत्ते चोवीस हजार. निम्मे म्हणजे वीस हजार. भत्ते त्याहून चार हजारांनी जास्त आहेत, म्हणून वेतन सोळाऐवजी वीस हजार धरायचे. दहा वर्षांच्या सेवेनंतर तो निवृत्त झाला, तर दरवर्षी पंधरा दिवसांच्या हिशेबाने उपदान ९२,३०८ रुपये झाले असते, ते आता १,१५,३८५ रुपये होते. एका माणसामागे तेवीस हजारांचा फरक. अशी पाच-सहा जुनी माणसे एकाच वर्षी निवृत्त झाली, तर छोट्या कारखान्याचे खेळते भांडवल आटते. त्यासाठी दरवर्षी थोडी रक्कम वेगळी काढत जाणे, अथवा आयुर्विमा महामंडळासारख्या संस्थेच्या समूह उपदान योजनेत भरणे, हा मार्ग आहे. मुदतबंद कराराने नेमलेल्या कामगारालाही आता एका वर्षाच्या सेवेनंतर त्या प्रमाणात उपदान द्यावे लागते, हे विसरू नये. 'अकरा-अकरा महिने' करणाऱ्यांनी त्यातून सुटका शोधण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा. सेवेतील खंड खरा की देखाव्यापुरता, हे न्यायालये पाहतातच.

माणूस काम सोडून गेला, किंवा त्याला काढले, तर त्याचे सर्व वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे आहे. आपल्याकडे 'पुढच्या दहा तारखेला ये' म्हणण्याची रीत आहे. ती आता मोडावी लागेल. उचलीचा हिशेब, न घेतलेल्या रजा, जादा कामाचे तास हे सर्व दरमहा नोंदलेले असेल तरच दोन दिवसांत हिशेब होतो. नाहीतर बैल गेला अन् झोपा केला, अशी गत.

ठेकेदाराच्या माणसांबद्दलही थोडे. 'ती माझी माणसे नव्हेत' हे उत्तर पुरत नाही. ठेकेदाराने वेतन बुडवले, तर ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्याच्यावर ती जबाबदारी येते. तेव्हा ठेकेदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी मागील महिन्याच्या वेतनाचा बँकेतील पुरावा मागा.

आता मी ज्या मुद्द्यावर किंचित अधिक वेळ घेणार आहे, तो या भूमीत राहणाऱ्या प्रत्येकाच्या काळजाला भिडणारा आहे. आपली माणसे लोकलला लोंबकळत कामावर येतात, महामार्गावरून दुचाकीने येतात. येता-जाता अपघात झाला तर तो कामावरचा अपघात की रस्त्यावरचा? तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटेच्या पाळीसाठी दुचाकीवरून निघाला आणि वाटेतच अपघातात गेला. कारखाना पाच किलोमीटरवर राहिला होता. कामगार आयुक्तांनी कुटुंबाला भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघाताचा, वेळ, जागा आणि परिस्थिती यांच्या दृष्टीने कामाशी संबंध दिसत असेल, तर तो कामाच्या ओघात घडलेला मानावा, असा त्या निर्णयाचा आशय आहे. बावीस वर्षे त्या घराने वाट पाहिली. सामाजिक सुरक्षा संहितेत हेच तत्त्व आता लेखी आले आहे. तुमचा कामगार राज्य कामगार विम्याच्या कक्षेत असेल तर भार महामंडळ उचलते. तो कक्षेबाहेर असेल, तर भरपाई मालकाच्या खिशातून. चार-पाच माणसांच्या गाळ्यासाठी ही रक्कम धंदा बुडवणारी ठरू शकते. कामगार भरपाईची विमा पॉलिसी त्या मानाने फार स्वस्त पडते. कृपया या महिन्यात तेवढे एक काम करा. आणि आपल्या माणसाची पाळी कितीला सुरू होते, हे हजेरीपटावर लिहिलेले असू द्या. तुमच्यासाठी नव्हे, तर त्याच्या पत्नीसाठी.

ग्राहक कायद्याकडे वळू. ग्राहक पंचायतीचे संस्थापक कै. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात काम सुरू केले, तेव्हा पावती मागणारा ग्राहक हा दुकानदाराला भांडकुदळ वाटे. आज पावती न देणे हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेण्यास नकार देणे हीदेखील. बिलावर मुदत छापलेली नसेल तर कायदा तीस दिवस धरतो. तरीही 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का आपल्या बिलबुकांवर दिमाखात असतो. सदोष मालापुरता तो शिक्का म्हणजे स्वतःविरुद्ध लिहून दिलेला पुरावाच. छापखान्याला पुढच्या वेळी तेवढी ओळ गाळायला सांगा.

याहून गंभीर बाब आहे उत्पादन-दायित्वाची. सदोष वस्तूमुळे कोणाला इजा झाली, तर उत्पादक जबाबदार, हे सर्वांना पटते. परंतु उत्पादक कोण हे कळतच नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर विक्रेता त्याच्या जागी उभा राहतो. बिनबिलाचा चार्जर, परदेशातून आलेला, नाव नसलेला गिझर, सुटे विजेचे बटण विकणाऱ्यांनी हे वाक्य घरी जाऊन पुन्हा आठवावे. तुमचे खरेदीचे बिल हे केवळ करासाठी नसते. दुर्घटना घडल्यास 'हा माल अमक्याने बनवला' असे बोट दाखवण्याचे तेच एक साधन. स्वस्त मिळाला म्हणून बिनबिलाचा माल घेणारा दुकानदार नकळत त्या मालाचा कारखानदार होतो.

घरून विक्री करणाऱ्या भगिनींनी एक ध्यानात घ्यावे. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांतून वैयक्तिक, प्रासंगिक व्यवहार वगळले आहेत. पण नियमितपणे, धंदा म्हणून विकणारी व्यक्ती त्यातून सुटत नाही. अन्नपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी हवीच. शिवाय वेष्टनावर वजन, किंमत, बनवल्याची तारीख आणि तक्रारीसाठी संपर्क घालायची सवय लावा. 'मधुमेह बरा करते', 'शंभर टक्के नैसर्गिक' असली वाक्ये उत्साहाच्या भरात लिहू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. आपली सुकेळी चवीवरच खपते, तिला औषध ठरवण्याची गरज काय?

आणि तक्रार आता ग्राहक राहतो तेथे दाखल होते. नागपूरच्या ग्राहकाने वसईतून माल मागवला, तर नागपूरच्या जिल्हा आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार करता येते. अशी नोटीस आली की दुकानदार ती गल्ल्यात ठेवतो आणि 'पाहू नंतर' म्हणतो. तेथेच घात होतो. लेखी उत्तराला तीस दिवस, आयोगाने वाढवल्यास आणखी पंधरा. त्यापुढे एक दिवसही वाढवून देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी निःसंदिग्ध सांगितले आहे. मग तुमची बाजू कितीही खरी असो, ती ऐकलीच जात नाही. ज्या दिवशी पाकीट आले ती तारीख पाकिटावरच लिहा आणि त्याच आठवड्यात जाणकाराला गाठा.

मराठी फलकांविषयी मी अधिक बोलत नाही. राज्याने २०२२ मध्ये दहाहून कमी कामगारांच्या दुकानांनाही ते बंधनकारक केले, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, ती केव्हाच संपली. ज्यांचे फलक अजून तसेच आहेत, त्यांना ते ठाऊकच आहे.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, त्याचे उत्तर देऊन थांबतो. 'सात माणसे आहेत, कोणी आठ वर्षे, कोणी तीन वर्षे. एकही कागद नाही. आता मागच्या तारखांची पत्रे करून ठेवावीत काय?'

मुळीच नको. मागील तारखेचा कागद ही खोटी नोंद आहे आणि ती उघडी पडली की खरी नोंदही कोणी मानत नाही. उद्याच्या तारखेने पत्र द्या. त्यात माणूस प्रत्यक्ष कधीपासून काम करतो, ते खरे लिहा. आठ वर्षे असतील तर आठच. काम कोणते, वेतन किती, पाळी कोणती, सुट्टी केव्हा. आजपर्यंतची उचल किती बाकी आहे, ते दोघांनी बसून ठरवा, त्यावर दोघांच्या सह्या घ्या. कामगाराला वाचता येत नसेल तर त्याच्या विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्या. एक प्रत त्याला द्या. पुढच्या महिन्यापासून वेतन बँकेतून, सात तारखेच्या आत. किमान वेतनाहून कमी देत असाल तर ते याच महिन्यापासून वाढवा आणि मागील फरकाबद्दल सल्लागाराशी मोकळेपणाने बोला. वेतन संहितेत निरीक्षकाला आता सुलभकाची भूमिकाही दिली आहे. खटला भरण्यापूर्वी दुरुस्तीची संधी देणे त्याला भाग आहे. मात्र पाच वर्षांत तीच चूक पुन्हा झाली तर ती संधी मिळत नाही. सात माणसांची सात पत्रे. एका रविवारी सकाळी बसलात तर दुपारपर्यंत होतील.